सड्यावरचा वरवंटा

सौदीतल्या हुफूफच्या खजुरीच्या बागा मागे पडल्या की तो ओलसर, गोडूस वास संपतो आणि मग बराच वेळ कसलाच वास येत नाही. नुसता रस्ता. मग एका ठिकाणी उगीचच काच खाली करावीशी वाटते. मी केली. मेंढ्यांचा वास आला, भिजून वाळलेल्या धुळीचा आला, आणि त्या दोन्हींच्या तळाशी जुन्या डिझेलचा. गाव अजून दिसत नव्हतं, पण आलं होतं.

गाडी मीच चालवत होते. याच रस्त्यावर अम्मी कायम मागच्या सीटवर बसली. मांडीवर मी, पायाशी कांद्याची गोणी, समोर अब्बांची मान. हा रस्ता तिला वळणावळणाला पाठ होता, पण तिनं तो समोरच्या काचेतून कधी पाहिला नाही.

चहूबाजूंनी दिसणाऱ्या त्या सपाटीला अम्मी सडा म्हणायची. आमच्या रत्नागिरीकडे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या उघड्या पठाराला सडा म्हणतात. वर्षातले बरेच महिने करपलेला, आणि मग काही आठवडे फुलांनी असा झाकलेला की पाय कुठे ठेवावा कळत नाही. इथला सडा पांढरट होता, खडीचा, आणि त्याला कडा नव्हती. पण हिवाळ्यात ढग गडगडून दोन-चार सरी आल्या की खडीच्या फटींतून गवत डोकं काढायचं. बारीक पिवळी फुलं यायची, जांभळी यायची. उंट मान खाली घालून चालू लागायचे. दूरदूरच्या शहरांतून माणसं तंबू घेऊन यायची आणि वाकून, एकेक भेग निरखत जमिनीतून फगा शोधायची. फगा म्हणजे बटाट्यासारखी दिसणारी, जमिनीखाली वाढणारी भूछत्रं. शेजारची म्हातारी उम्म नासिर एक वाडगाभर पाठवायची आणि अम्मी त्याचं गरम मसाल्यातलं सुकं करून तोच वाडगा परत पाठवायची. वाडगा रिकामा परत करायचा नसतो, हे दोघींनाही आपापल्या घरून माहीत होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या वाडग्यानंच बोलत.

गावाच्या तोंडाशी आता एक नवा फलक आहे. अरबीत आणि इंग्रजीत गावाचा इतिहास लिहिलाय. आधी विहीर. विहिरीवर पाणी पाजायला येणारी टोळी. मग तेलाची नळी, नळीवरचं पंपिंग स्टेशन, मशीद, शाळा, दवाखाना. खाली खजुरीच्या झाडाचं चित्र. या गावात खजुरीचं झाड मी कधी पाहिलं नाही.

मी तो फलक उभी राहून पुरता वाचला. नळी आपोआप अंथरली गेली होती. भिंती आपोआप उभ्या राहिल्या होत्या. माणूस कुठेच नव्हता. आम्ही तर नव्हतोच, पण ज्या उम्म नासिरच्या सासऱ्यानं ती विहीर उपसली असं ती हातवारे करून सांगायची, तोही नव्हता. गावाची माणसं कुणाला म्हणायचं, हा प्रश्न मला लहानपणापासून छळतो. इकामा, म्हणजे परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना, ज्याच्या खिशात तो पाहुणा, हे मान्य. पण पाहुणा पंधरा-पंधरा वर्षं नळीचे व्हॉल्व्ह फिरवतो का? पाहुण्याची पोरं त्या गावात जन्मतात का?

मी जन्मले. म्हणून सांगते, त्या गावात कोण कोण होतं.

तंदुराच्या तोंडाशी भुवया जळालेला अफगाण भटारी होता. त्याची तमीस रोटी सायकलच्या चाकाएवढी असे. घरी येईपर्यंत मी तिची कड खाऊन टाकायची. सुदानी मास्तर होते, त्यांच्या कपड्यांना धुपाचा वास यायचा. मलबारी वाणी होता, तो उधारीला नाही म्हणताना इतका हसायचा की माणूस ओशाळून निघून जाई. स्टेशनच्या मागे, लांबट पत्र्याच्या कॅम्पमध्ये, आमची माणसं होती. दापोलीची, मंडणगडची, श्रीवर्धनची. फिटर, वेल्डर, मेसचे आचारी. कुटुंब घेऊन राहणारे मोजकेच. अब्बा स्टेशनच्या जनरेटरवर होते म्हणून त्यांना क्वार्टर मिळालेली. आणि दवाखान्यात साताऱ्याकडच्या सुनंदामावशी. त्या नर्स होत्या. गावात मराठी बोलणारी अम्मीखेरीज ती एकच बाई. पहिल्या भेटीत दोघी इतका वेळ बोलत राहिल्या की अम्मीचं दूध उतू गेलं, असं अब्बा पुढे सगळ्यांना सांगायचे.

आणि या सगळ्याखाली पंपाचा आवाज. एकसारखा, खालच्या पट्टीतला. तो कानांना ऐकू यायचा नाही. तो ताटातल्या पाण्यात थरथरताना दिसायचा.

शुक्रवारी दुपारची नमाज झाली की कॅम्पातली चार-पाच माणसं आमच्याकडे जेवायला येत. अंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून, दारात चपला नीट लावून. अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही, पण पडद्याआडून भांडण मात्र करायची. कुणी म्हणायचं, भाभी, आज सुकटीच्या चटणीत लसूण कमी पडली. आतून उत्तर यायचं, तुझ्या बायकोला लिही, ती पाठवील. मग सगळे हसायचे, आणि बायकोचं नाव निघालेला माणूस थोडा वेळ ताटाकडेच बघत राहायचा.

चटणी वाटली जायची ती वरवंट्यावर. पहिल्यांदा इथे येताना अम्मीनं तो साड्यांत गुंडाळून बॅगेत घातला होता. विमानतळावर कस्टमवाल्यानं बॅग उघडली, तो काळा, गुळगुळीत, हातभर दगड बाहेर काढला आणि कॅमेऱ्याच्या लेन्सकडे बघावं तसा डोळ्यांजवळ धरून बघितला. हे काय? अब्बांनी भर रांगेत गुडघ्यांवर बसून वाटून दाखवलं. मागची माणसं खो खो हसली. कस्टमवाल्यानं दगड परत साडीत गुंडाळला, अगदी जपून, आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, उम्मी. माझ्या आईकडेही आहे.

पाटा आणता येणं शक्य नव्हतं. तो इथेच मिळाला. सड्यावर फिरताना अब्बांनी एक चपटी, कठीण शिळा शोधली. एका गवंड्याची हातोडी आणि छिन्नी मागून आणून तिला रात्रपाळीनंतर टाके घातले. तेव्हापासून आमच्या घरी पाटा इथला आणि वरवंटा कोकणातला. अम्मी डावखुरी. तिच्या हातानं वरवंटा एका बाजूला तिरका झिजला होता. नारळ, धणे, सुक्या मिरच्या, आणि कधी कधी खडीची कच्‌. पाटा नवा होता, बराच काळ जेवणात वाळू लागायची. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

माझा धाकटा भाऊ याकूब झाला त्या हिवाळ्यात सडा फुलला होता. तो दवाखान्यात झाला, सुनंदामावशींच्या हातावर. नाव ठेवायच्या दिवशी त्या ड्युटीवरून थेट आल्या, पांढऱ्या कपड्यांतच. घरात पाळणा नव्हता. अब्बांच्या जुन्या लुंगीची झोळी कपाटाच्या कडीला आणि खिडकीच्या गजाला बांधली होती. अम्मी बाळाला झोळीत ठेवणार तोच मावशी म्हणाल्या, थांब, आधी तुझा वरवंटा आण. त्यांच्याकडे बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात. त्याला टोपडं घालतात, झोका देतात, आणि मग बाळाला. बाळ दगडासारखं टणक व्हावं, टिकावं म्हणून.

अब्बा जरा घुटमळले. म्हणाले, आपल्यात हे चालतं का?

"दगडाला कसला आलाय धर्म?" अम्मी म्हणाली. "टिकायचं कुणाला नको हाय?"

मावशींनी वरवंटा धुतला, पुसला. त्याला याकूबचं पिवळं टोपडं चढवलं. मिरच्यांचा वास काही केल्या गेला नव्हता. झोळीला झोका देताना त्या हळू आवाजात काहीतरी म्हणत होत्या, आणि अम्मी आपलं बिस्मिल्ला म्हणत होती, आणि मी दोघींच्या मध्ये उभी राहून टोपडं घातलेल्या दगडाला हसत होते. मग दगड निघाला, याकूब आत गेला, आणि झोळीचा खोलगा त्याच्या मापाचाच निघाला.

तो दुसरा हिवाळा बघू शकला नाही.

त्यातलं मला फारसं काही सांगायचं नाही. शेगडीवर विसरलेल्या मेथीच्या दाण्यांचा वास आठवतो. मावशी आल्या आणि त्यांनी चपला काढल्या नाहीत, हे आठवतं. पुरुष बाहेर गोळा झाले होते. भटारी तंदूर बंद करून आला होता, सुदानी मास्तर आले होते, उम्म नासिरचा मोठा मुलगा गाडी घेऊन उभा होता. बायका दफनाला जात नाहीत. अम्मी दारापर्यंतच जाणार होती. तिथे एकदम ती वळली, स्वयंपाकघरात गेली आणि वरवंटा घेऊन आली. अब्बांच्या हातात दिला.

"डोक्याशी ठेवा," म्हणाली. "तिथले दगड सगळे सारखे. मागनं ओळखायचा कसा?"

इथे कबरीवर नाव नसतं. मातीचा छोटा उंचवटा, डोक्याशी एक साधा दगड, बस. अब्बांनी तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, दगड तो दगड, ठेव. अब्बा संध्याकाळी परत आले, हात धुतले आणि अम्मीला सांगितलं. फाटकातून उजवीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे लहान मुलांना ठेवतात तिथे. एवढंच. अम्मीनं ते ऐकलं, जणू कुणी रस्ता सांगतोय आणि तिला उद्या जायचंय.

पाटा पुढे अंगणात नळाखाली गेला. त्यावर कपडे आपटले जाऊ लागले. कॅम्पातल्या कुणीतरी दमामहून मिक्सर आणून दिला. शुक्रवारी माणसं येतच राहिली. चटणीबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही.

मग एका दुपारी ताटातलं पाणी थांबलं. मी वरणाच्या वाटीकडे बघत होते आणि तिच्यावरची लहर हळूहळू विरून गेली. स्टेशन बंद झालं होतं. का, ते तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि आता विचारून मला काय मिळणार? पण ती शांतता आठवते. गावातली सगळी कुत्री एकदम उठून उभी राहिली. बायका दारात आल्या. जन्मभर कुणीतरी हात धरून चालत होतं आणि त्यानं तो सोडला, तसं सगळे एकमेकांकडे बघू लागले.

त्यानंतर गाव ओसरत गेलं. कॅम्पातल्या माणसांना एकेक करून एक्झिट लागली, पासपोर्टवर कायमचं परत जायचा शिक्का. प्रत्येक जण जाताना आमच्याकडे काहीतरी ठेवून गेला, अर्धी मसाल्याची बरणी, टेबलफॅन, खिळ्याला टांगलेली दिनदर्शिका. मावशी गेल्या तेव्हा अम्मी आणि त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. नुसत्या एकमेकींचे हात चाचपत राहिल्या. शेवटी आम्ही. पेट्रोलपंपाच्या मागे कबरस्तानाची ती बुटकी भिंत आली तेव्हा अम्मी सीटवर गुडघे टेकून उलटी बसली, लहान मूल बसतं तशी, आणि मागच्या काचेतून बघत राहिली. भिंत जाऊन नुसता सडा राहिला तरी ती वळली नाही.

पुढची वर्षं कोकणात, खाडीकाठी. मामाकडे घरभर पत्रकं असायची. मच्छीमारांच्या सोसायटीची, शाळा वाचवण्याची, हुंड्याविरुद्धची. शाईचा वास आणि सुक्या मासळीचा वास एकत्र येणारं ते घर. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक मागणी असायची, आणि मी मराठी वाचायला शिकले ती तिथूनच. घरात मागणी करत नव्हती ती एकटी अम्मी. फक्त कधी कधी, मासे साफ करता करता, ती अब्बांना विचारायची, उजवीकडं म्हणालात ना? अब्बा म्हणायचे, हो, उजवीकडं.

अब्बा गेल्या वर्षी वारले. गावच्याच कबरस्तानात आहेत, जांभ्याच्या चौकटीत, वर करवंदीचं झुडूप. त्यानंतर अम्मीचा प्रश्न माझ्याकडे आला, कारण मी तोवर हुफूफच्या दवाखान्यात लॅबमध्ये लागले होते. दर फोनला एकच. गेलीस का? मी म्हणायची, सुट्टी मिळू दे. ती म्हणायची, यांना इथं सगळी हायत. आजूबाजूला चुलते, मामे, शेजारी. तो तिथं एकलाच. गाव पण उठून गेलं.

म्हणून मी आले होते.

आमची क्वार्टर नाही. तिच्या जागी गाड्यांसाठी कॉफी विकणारं चकाचक दुकान आहे. तंदूर नाही. पत्र्याचा कॅम्प नाही, पण तो जिथे होता तिथे गवत वेगळं उगवतं, गर्द, लांबट चौकोनात. मलबारी वाण्याचं दुकान दुसरा मलबारी चालवतो. त्यालाही नाही म्हणताना हसू येतं. त्यानंच सांगितलं, कबरस्तानात आत्ता चाचा असेल.

चाचा म्हणजे राखणदार. बांगलादेशी, म्हातारा, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात फावडं. फाटकाशी मी काही बोलायच्या आधीच त्यानं मान हलवली. औरतों का अंदर मना है, बेटी.

मला ठाऊक होतं. तरी अंगाचा तिळपापड झाला. नऊ महिने जिनं पोटात बाळगला तिला दारात थांबवलं, आणि आता इतक्या वर्षांनी तिच्या मुलीला फाटकात. वाढलेच अशी की अशा वेळी तोंडात वाक्यं तयार असतात, मुद्द्यामागून मुद्दे. मी तोंड उघडलंही. मग त्याच्या चपलांकडे नजर गेली. एका चपलेचा अंगठा तारेनं शिवलेला होता. नियम त्यानं केला नव्हता, आणि मोडला तर इकामा त्याचा जाणार होता, माझा नाही. माझं भांडण त्याच्याशी नव्हतं. ते ज्यांच्याशी आहे त्यांच्याशी मी करीनच. मी एवढंच म्हणाले, माझा भाऊ आहे आत. लहान होता. डोक्याशी काळा दगड आहे.

त्यानं एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग फावडं भिंतीला टेकवून म्हणाला, मागच्या बाजूला ये. तिकडे भिंत कमरेएवढीच आहे.

मी भिंतीला वळसा घालून गेले. आतून तो चालत आला, उंचवट्यांच्या मधून, कुणाला पाय लागणार नाही असा. कबरींच्या अंगावरही गवत होतं, आणि तीच बारीक पिवळी फुलं. फाटकाकडून उजव्या कोपऱ्यात तो वाकला आणि गवत बाजूला केलं.

होता. काळा, उन्हात किंचित चमकणारा, एका बाजूला तिरका झिजलेला. मी हात लांब केला तरी पोचला नसता. मिरच्यांचा वास यावा म्हणून मी श्वास घेतला, आणि आला तो गवताचा.

मग तो उठून पुढे गेला. मोठ्यांच्या रांगेत जाऊन थांबला आणि पुन्हा गवत बाजूला केलं. "ये भी," म्हणाला. पुढे गेला. "और ये भी."

मला आधी कळलंच नाही. तिथेही काळे दगड होते. लांबट, गोल टोकांचे, वाटून वाटून गुळगुळीत झालेले. वरवंटे. पलीकडच्या रांगेत आणखी एक, त्याच्याही पलीकडे अर्धा मातीत गेलेला.

चाचा भिंतीशी परत आला आणि सांगू लागला. तो इथे कामाला लागला तेव्हा फक्त तो कोपऱ्यातला होता. मग रिकाम्या कॅम्पात यंत्रं काढून न्यायला नवी माणसं आली, त्यांतला एक गेला, रत्नागिरीकडचा. त्याला आणलं तेव्हा त्याच्या सोबत्यांनी कोपऱ्यातला तो दगड पाहिला, आणि एक जण धावत जाऊन मेसच्या स्वयंपाकघरातून तसाच दगड घेऊन आला. तोवर मेसमध्ये मिक्सर आले होते, दगड दाराशी नुसते पडून होते. पुढे जो गेला त्याच्या डोक्याशी तसाच ठेवला. कॅम्प उठल्यावरही, लांबच्या कामांवरचे कुणी गेले आणि इथे आणले, तर बरोबरची माणसं कुठून तरी तसला दगड पैदा करायची. ती माणसं याकूबला ओळखत नव्हती. आम्हालाही नाही. त्यांना वाटलं असणार, आपल्याकडच्यांचं इथे असंच करतात.

सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, अगदी साधेपणानं, "आप लोगों का रिवाज है ना?"

आमच्यात असा रिवाज नाही. कोकणात कुठल्याच गावी, कुठल्याच कबरीवर वरवंटा मी पाहिलेला नाही. एका बाईनं एका दुपारी, दारातून वळून, जे हाताला आलं ते दिलं होतं, आणि तेही बारशाचं.

"हाँ चाचा," मी म्हणाले. "हमारा रिवाज है."

त्यानं समाधानानं मान डोलावली आणि फावडं आणायला गेला. मी तिथेच भिंतीला टेकून अम्मीला फोन लावला. तिकडे कावळे ओरडत होते.

"हाय?" तिनं विचारलं.

"हाय. उजवीकडंच."

मग ती म्हणाली, "एकलाच हाय?"

मी तिला सांगितलं. दगडांचं, मेसच्या दाराचं, त्या अनोळखी माणसांचं. आजूबाजूच्या रांगांतही आपलेच वरवंटे आहेत, म्हणाले, आणि सगळीकडे फुलं आहेत, पिवळी, तुझ्या सड्यावरची. कुणाकुणाचे, हे तिनं विचारलं, आणि मला सांगता आलं नाही. मग पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला, भांडं किंवा विळी.

"म्हंजे वस्ती हाय," ती म्हणाली.